मरे हिल ते धनगरवाडा

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही आला नसेल. दिवाळी तोंडावर आली होती, फराळाच्या ऑर्डरी गेल्या होत्या, मुलांच्या नाचाच्या तालमी चालू होत्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. वर्षभराच्या मुदतवाढीची सोय ठेवली होती, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ वर जायचे तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर ढोबळमानाने २०१७ च्या अखेरीनंतरचा हवा. म्हणजे आपल्या तळघरात, गराजमध्ये आणि पाहुण्यांच्या खोलीत जे लॅपटॉप पडून आहेत, ज्यांचा कीबोर्ड शाबूत आहे, पडदा स्वच्छ आहे, असे पुष्कळसे एका तारखेला ‘जुने’ ठरले. बिघडले नव्हते, फक्त जुने ठरले होते.

न्यू जर्सीत तर ते कचऱ्यातही टाकता येत नाहीत. १ जानेवारी २०११ पासून इथे संगणक, मॉनिटर आणि टीव्ही घरच्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. काउंटीचा इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करण्याचा दिवस आला की गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक डिकीत एखादे तरी चालू स्थितीतले यंत्र असते.

अशा यंत्राला दुसरा रस्ता आहे हे आपल्यातल्या आयटीवाल्यांना ठाऊकच आहे. त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम काढायची आणि लिनक्स घालायची. पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही. पण ही सोय आली कुठून, आणि तिच्यात मराठी आली कुठून, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. सांगण्याचे कारण असे की त्याचा बराचसा भाग आपल्या अंगणातच घडला आहे.

वेस्ट विंडसरचे नाव बाहेरच्या लोकांना माहीत असते ते प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनामुळे किंवा शाळांमुळे. थोड्या हौशी माणसांना आपले ग्रोव्हर्स मिल ठाऊक असते, कारण १९३८ साली ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळावरचे लोक तिथेच उतरले होते! १९४२ साली आरसीए कंपनीची प्रयोगशाळा आपल्याच गावाच्या हद्दीत उभी राहिली. रंगीत टीव्हीवर आणि एलसीडी पडद्यावर तिथे मोठे काम झाले. पण माझी गोष्ट सुरू होते ती तिथून थोडी पुढे, प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन फॉन नॉयमन यांनी तिथे एक संगणक बांधायला घेतला. १९५२ साली तो रीतसर चालू झाला. यंत्र मोठे होते, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याच्या आराखड्याचे अहवाल फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक करून टाकले. पेटंट न घेता ते कागद टपालाने देशोदेशी गेले आणि ठिकठिकाणी त्या वळणाची यंत्रे उभी राहिली. त्यांतले एक मुंबईत झाले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५६ पर्यंत एक छोटे प्रायोगिक यंत्र आणि १९६० साली पूर्ण आकाराचा संगणक तयार केला. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. प्रिन्स्टनच्या यंत्राप्रमाणे त्याचाही ‘शब्द’ ४० बिटांचा होता. आपल्या घरापासून चार-पाच मैलांवर लिहिलेले कागद कुलाब्यात वाचून मुंबईकरांनी संगणक बांधला! पुढे त्याच संस्थेतल्या संगणक मंडळींमधून १९८५ साली एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही जुहूची संस्था निघाली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा धागा तासाभराच्या अंतरावरचा. इथून उत्तरेला मरे हिल येथे बेल लॅब्ज आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात तिथल्या केन थॉम्पसन यांची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला आजी-आजोबांकडे गेली होती. बेल लॅब्जने ‘मल्टिक्स’ नावाच्या एका अवाढव्य प्रकल्पातून नुकतेच अंग काढून घेतले होते आणि थॉम्पसन यांच्या हाती एक बाजूला पडलेले पीडीपी-७ यंत्र होते. त्या तीन आठवड्यांत एक आठवडा एडिटरला, एक असेम्ब्लरला आणि एक प्रणालीच्या गाभ्याला देऊन त्यांनी जे उभे केले, त्याला पुढे युनिक्स म्हणू लागले. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होतेच. म्हणजे युनिक्सचा जन्मच मुळी एका टाकून दिलेल्या यंत्रावर झाला. नवे यंत्र मागितले तर वरिष्ठ द्यायला तयार नव्हते. शेवटी कंपनीच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करून सुबक छापायची सोय करून देतो, असे सांगून पीडीपी-११ पदरात पाडून घेतले. १९७१ साली युनिक्सचे पहिले खरे वापरकर्ते हे त्या पेटंट विभागातले टंकलेखक होते. स्मरणिकेच्या कामाला हात लावलेल्या माणसाला यात आनंद वाटावा!

आता प्रश्न असा, की एवढ्या मोठ्या कंपनीने हे सोन्याचे अंडे कुलूपबंद का केले नाही? उदारपणा म्हणाल तर तसे नव्हे. १९४९ साली अमेरिकी सरकारने एटी अँड टी आणि तिच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. तोही न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात. जानेवारी १९५६ मध्ये तडजोड झाली. कंपनीने टेलिफोनचा धंदा करावा, दुसऱ्या धंद्यात पडू नये आणि आपली पेटंटे इतरांना वापरू द्यावीत, असे ठरले. त्यामुळे १९७० च्या दशकात युनिक्स तयार असूनही कंपनीला ते दुकानात मांडता येईना. विद्यापीठांनी मागितले की नाममात्र पैसे घेऊन ते मूळ प्रोग्रॅमसकट, म्हणजे सोर्स कोडसकट दिले जाई. सोबत अट अशी की कुठलीही मदत मिळणार नाही, चुका दुरुस्त करून मिळणार नाहीत, पैसे आगाऊ.

मला या शेवटच्या अटीची फार गंमत वाटते. कंपनी मदत करणार नाही म्हटल्यावर विद्यापीठांतले लोक एकमेकांना मदत करू लागले. कुणी चूक दुरुस्त केली की टेप दुसऱ्याला पाठवायची. ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी १९७६ साली युनिक्सचा सगळा गाभा छापून त्यावर ओळीगणिक टीका लिहिली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर लिहितात तशी! मग १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून कंपनीने सोर्स कोड वर्गात शिकवायला मनाई केली. लायन्सांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स मात्र झेरॉक्सवरून झेरॉक्स अशा फिरत राहिल्या.

१ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचे तुकडे झाले आणि १९५६ ची बंधने उठली. आता युनिक्स विकता येत होते, आणि ते महाग झाले. पण तोपर्यंत पंधरा वर्षांची सवय लागली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्येच युनिक्ससारखी पण मुक्त प्रणाली लिहिण्याची घोषणा केली होती. १९८९ साली त्यांच्या जीपीएल परवान्याने उलटाच कायदा केला. वापरा, बदला, वाटा; पण बदललेले वाटलेत तर तेही याच अटींवर. सातवी आवृत्ती वर्गात शिकवता येत नाही म्हणून ॲम्स्टरडॅमच्या टॅननबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स लिहिले. ते वापरणाऱ्या हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केले की आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहितो आहोत. पुढच्याच वर्षी तिला जीपीएल परवाना मिळाला. बाकीचे आपल्याला माहीत आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे.

इथे शब्दांचा एक मुद्दा. इंग्रजीत ‘फ्री’चे दोन अर्थ होतात आणि स्टॉलमन यांना आयुष्यभर ते समजावून सांगावे लागले आहे. आपल्याला ही अडचण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. लिनक्स मोफत आहे हे खरे, पण जुन्या यंत्राच्या उपयोगाचे आहे ते त्याचे मुक्त असणे. एका कंपनीने एखाद्या यंत्राचा नाद सोडला तरी दुसऱ्या कुणाला तरी तो धरता येतो.

भारतात युनिक्स आले ते मुख्यतः १९८० च्या दशकात. बँकांच्या संगणकीकरणासाठी युनिक्सवर चालणारी यंत्रे घेतली गेली आणि देशी कंपन्यांनी ती बांधली. त्यातून युनिक्स आणि सी भाषा जाणणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. आपल्या आधी इथे आलेल्या कित्येक काका-मावश्यांची १९९० च्या दशकातली पहिली नोकरी न्यू जर्सीतल्या टेलिफोन कंपन्यांत होती, त्याचे मूळ यात आहे. मरे हिलचे शिकलेले लोक मरे हिलच्या गावी आले, एवढेच!

लिनक्स मात्र आपल्याकडे आले ते मासिकातून. १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. ज्या काळी इंटरनेटवरून तेवढी फाइल उतरवायला रात्री गेल्या असत्या, त्या काळी ही सीडी म्हणजे मोठीच गोष्ट होती. त्यामागे पुढाकार होता अतुल चिटणीस यांचा. बर्लिनमध्ये जन्मलेला, बेळगावात अभियांत्रिकी शिकलेला आणि बंगळूरला स्थायिक झालेला हा माणूस २०१३ साली वारला. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास त्याला वगळून लिहिता येणार नाही. मी कॉलेजात होतो तेव्हा असल्या सीड्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत आणि परत येईपर्यंत चरे पडलेले असत.

पण त्या सीडीतला लिनक्स इंग्रजी होता. मराठीचे काय?

मराठीची अडचण खरे तर विंडोजवरही होती. सरकारने १९८६ ते १९९१ या काळात भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड आणि इस्की ही संकेतप्रणाली ठरवली, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट हे तंत्र पुढे नेले. १९९१ च्या युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतला. तरी बाजारात चालत होते ते प्रत्येकाचे वेगळे फॉन्ट. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षर बसवायचे, एवढीच युक्ती. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर सगळी डॉलरची चिन्हे आणि आकडे.

मुक्त प्रणालीत मराठी आणण्याचे काम थोड्या हातांनी केले. प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी मुंबईत ‘इंडलिनक्स’ सुरू केले. भर हिंदीवर होता, पण वाट सर्व भारतीय भाषांची झाली. वर सांगितलेल्या एनसीएसटीत अक्षररचनाकार र. कृ. जोशी देवनागरी अक्षरांवर काम करत होते. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. फॉन्ट विंडोजचा, पण घर जुहूचे. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही फॉन्टमालिका जीपीएल परवान्याखाली खुली केली. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटवरून! मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले होते, आणि पुढची निगराणी रेड हॅटच्या पुणे कार्यालयात झाली. तिथल्याच मंडळींनी, आणि त्यांच्यासारख्या काही स्वयंसेवकांनी, पडद्यावरची हजारो वाक्ये मराठीत केली. ‘रद्द करा’, ‘संपादन’, ‘साठवा’. या शब्दांना हसणारे भेटतात. मी स्वतः ‘संचयिका’पेक्षा ‘फोल्डर’च बरा या मताचा आहे. पण भांडायला तरी कुणीतरी आधी शब्द ठेवावा लागतो.

फॉन्ट खुला असण्याचा फायदा काय, हे मराठीच्या बारकाव्यांत दिसते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे, म्हणून लोहितमध्ये मराठीसाठी आधी वेगळा फॉन्टच होता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना पोळ्या करायला सांगायच्या. हा आडवा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो मिळतो ‘ऱ’ या अक्षराच्या आधाराने, आणि हे अक्षर तिथे द्राविडी भाषांतला उच्चार लिहिण्यासाठी आले आहे! ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोपर्यंत ‘अ’ला चंद्र जोडून भागवत. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. जुन्या मजकुरात ‘ॲटलांटा’ शोधायला गेलात तर म्हणूनच सापडत नाही.

या सगळ्याचा प्रत्यक्ष उपयोग झाल्याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण रायगड जिल्ह्यातले आहे. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत, पहिली ते चौथीच्या वीसेक मुलांना ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. भारतातला हा पहिला प्रयोग. केंद्र सरकारने वर्षभर आधीच या योजनेला नकार दिला होता. एक्सओचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ एमबी, डिस्क म्हणून १ जीबीची चिप. आज आपण कचऱ्यात न्यायला निघालेला कुठलाही लॅपटॉप यापेक्षा दसपटीने तगडा असतो. त्यावर चालत होता फेडोरा लिनक्स. एकाच खोलीत चार इयत्ता, एकच गुरुजी, आणि मुले एकमेकांना शिकवत होती. तो जागतिक प्रकल्प पुढे बारगळला, त्यावर टीकाही खूप झाली, आणि यंत्र वाटले म्हणजे शिक्षण झाले हा त्यातला भाबडेपणा मलाही पटत नाही. पण इतक्या कमी ताकदीच्या यंत्रावर मुले लिहू-वाचू शकतात हे त्या शाळेने दाखवले, आणि ते प्रणाली मुक्त असल्यामुळे शक्य झाले.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या कपाटातला एक जुना संगणक असाच माझ्याकडे आला. त्यात १९९० च्या दशकाच्या शेवटापासूनच्या स्मरणिकांच्या फाइली होत्या. ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये त्या जुळवल्या होत्या, त्याला मागे खोचायची एक किल्ली लागते आणि ती किल्ली कधीच हरवलेली आहे. तेव्हा ज्यांना असे काही करायचे असेल त्यांना पहिली सूचना: प्रणाली बदलण्याआधी सगळ्या फाइली आणि फॉन्ट दोन ठिकाणी उतरवून घ्या. नंतर डिस्क पुसली जाते. त्यानंतर ८ जीबीची यूएसबी पुरते. लिनक्स आधी त्या यूएसबीवरूनच चालवून पाहता येतो; वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते बघावे आणि मगच डिस्कवर चढवावा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडले की झाले; इंग्रजी ‘जे’च्या जागी ‘र’ आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ‘ऱ’.

सगळेच सुरळीत होते असेही नाही. कर भरण्याचे डेस्कटॉपवरचे नेहमीचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत, काही प्रिंटर रुसतात. आणि मुक्त प्रणालीलाही म्हातारपण आहे. टोरवाल्ड्सने ज्या ३८६ प्रोसेसरवर सुरुवात केली, त्याचा आधार लिनक्सने २०१२ च्या अखेरीस काढून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या पीसीवर ती नव्याने चढवता येत नाही. फरक इतकाच की तो निर्णय का घेतला याची चर्चा उघडपणे झाली, आणि कुणाला पटले नाही तर जुनी प्रणाली पुढे चालवायला कायद्याची आडकाठी नाही.

तो संगणक आता मराठी शाळेत आहे. मुले त्यावर नावे टाइप करतात आणि ‘ज्ञ’ कुठून येतो यावर वाद घालतात. स्मरणिकांचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणे मात्र वेळखाऊ आहे. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी हटकून चुकीच्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरे फुटतात. १९९८ आणि १९९९ चे अंक वाचता येण्याजोगे झाले आहेत. २००० सालच्या अंकात एका काकूंनी इथल्या पहिल्या गणेशोत्सवाची हकिगत लिहिली आहे, तिची चार पाने अजून डॉलरच्या चिन्हांतच आहेत. मूळ छापील प्रत कुणाच्या घरी असेल तर ताडून पाहायला मला हवी आहे.